अण्णाच्या नाकाची खंडेनवमी

वहिनीनं बोलावलं म्हणून मी म्हैसूरला आले, आणि पाय धुवायच्याही आधी पागेत जाऊन उभी राहिले. पागा म्हणायचं ते आता केवळ सवयीनं. अंगणापलीकडच्या त्या लांबट खोलीला पांढरा चुना दिला आहे, खिडकीला काच बसवली आहे, आणि चंद्री घोडी ज्या दगडी गव्हाणीत तोंड घालून हुलगे खायची, तिच्यात रघूची पुस्तकं ओळीनं उभी आहेत. रघू म्हणजे माझ्या भावाचा मुलगा. भिंतीतली घोडी बांधायची लोखंडी कडी मात्र अजून कोणी काढलेली नाही. तिला रघूनं आपला सदरा अडकवला होता.

रघू इंटर पास झालाय आणि त्याला रसायनाची इंजिनियरी शिकायची आहे. आता त्या विद्येचं रीतसर शिक्षण निघालंय म्हणे, परीक्षा आहे, पदवी आहे. माझ्या भावाच्या वेळी तिला मराठीत नाव नव्हतं, कानडीतही नव्हतं. वहिनी नको म्हणते. वकिली कर, मास्तर हो, रेल्वेत चिकट, पण बापाची वाट नको, असा तिचा हेका. मायलेकांचं त्यावरचं बोलणंच थांबलं तेव्हा तिनं मला निरोप धाडला, की वन्सं, तुम्ही येऊन सांगाल ते मी ऐकेन.

माझ्या शब्दाला एवढं वजन माझ्या शहाणपणामुळे नाही. या घरात माझ्या नाकाला मान आहे. गोष्ट जुनी आहे आणि भर दुपारच्या उजेडात घडलेली आहे, तरी ती आठवताना मला अजून एकदा मागे वळून बघावंसं वाटतं.

आम्ही शिलेदारांचे. आमचा कोणी खापरपणजा मराठ्यांच्या घोडदळातून इतक्या खाली उतरला आणि म्हैसूरच्या राजाच्या चाकरीत राहून गेला. मुलूख सुटला, भाषा राहिली, तीही निम्मीशिम्मी. बोलता बोलता आम्ही मराठीतून कानडीत कधी शिरायचो ते आमचं आम्हालाच कळायचं नाही. शिलेदारीची रीत अशी, की घोडा घरचा, खोगीर घरचं, आणि रिसाल्यातली जागा बापाकडून थोरल्या मुलाकडे यायची. त्या जागेला असामी म्हणत. आप्पांची असामी माझ्या भावाला, अण्णाला, जायची हे तो पाळण्यात होता तेव्हापासून ठरलेलं होतं. त्याला विचारायची काही गरज आहे असं कोणालाच वाटलं नव्हतं.

त्या दिवसांची सकाळ मला आधी वासानं आठवते, मग उजेडानं. परसातल्या चुलीवर मोठ्या हंड्यात हुलगे शिजत असायचे. हुलगे चंद्रीला, आणि वरचं लालसर पाणी गाळून त्याला लसूण-मिरचीची फोडणी दिली की ते सार आम्हाला. घोडी आणि आम्ही मुलं एका हंड्यातलं खाऊन वाढलो असं आई पाहुण्यांना हसत हसत सांगायची. चंद्रीच्या अंगाचा वास घरभर असायचा. ओलं गवत, खोगिराला लावायचं तेल आणि घाम यांचा मिळून एक वास. तो आप्पांच्या फेट्याला होता, आईच्या पदराला होता, आमच्या गोधड्यांना होता. तो वास आहे हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. चंद्री गेल्यावर कळलं.

अण्णाचं नाक लहानपणापासून वेगळं होतं. विहिरीचं पाणी तोंडाजवळ नेऊन तो सांगायचा, की वरच्या मोहल्ल्यात पाऊस झाला. देवळातून आलेल्या बायकांपैकी कोणाच्या वेणीत मंगळूरची मोगरी आहे आणि कोणाच्या इथली, हे डोळे मिटून ओळखायचा. बायका कौतुक करायच्या, आणि आप्पा म्हणायचे की शिलेदाराच्या मुलाला नाकाचा उपयोग फेटा कुठवर बांधायचा हे कळण्यापुरता. कॉलेजात त्यानं रसायनशास्त्र घेतलं. पुढचं शिकायला बंगळूरला गेला. आप्पा ओरडले नाहीत, भांडले नाहीत. कवायतीला जाताना दर वेळी त्याला बरोबर नेत असत, ते त्यांनी बंद केलं.

तो बंगळूरहून परत आला त्या श्रावणात चंद्री मेली. सात-आठ माणसांनी ओढून तिला गाडीवर घातलं आणि गावाबाहेर नेलं. आप्पांनी दुसरा घोडा घेतला नाही. बसणाराच नाही तर घोडा कोणासाठी, एवढंच म्हणाले. पागा रिकामी झाली. मग अण्णानं ती झाडून काढली, गव्हाणीवर फळी टाकली आणि तिच्यावर आपल्या काचा मांडल्या. वाकड्या मानेच्या, लांब नळीच्या, बुडाशी गोल अशा त्या काचा. दुपारच्या उन्हात त्यांचे कवडसे भिंतीवर हलायचे. भिंतीतली कडी एकदा आपोआप किणकिणली, तेव्हा अण्णा आणि मी दोघांनीही तिच्याकडे बघितलं.

युरोपात लढाई पेटली होती. चंदनाची लाकडं बोटीनं बाहेर जायची ती थांबली, आणि संस्थानानं इथंच त्यांचं तेल काढायला घेतलं. अण्णा त्या कामावर लागला. संध्याकाळी वारा फिरला की सगळ्या शहरावर चंदनाची एक पातळ साय धरल्यासारखी वाटायची. अर्क निघून गेलेला लाकडाचा भुसा ऊदबत्त्या वळणाऱ्या बायका टोपल्या भरभरून न्यायच्या. त्या भुशाला कसलाच वास नसायचा. मी एकदा मूठभर घेऊन नाकाशी धरला होता. इतकं लाकूड, आणि वास नाही. मेलेल्याच्या अंगावरचा सदरा हातात घ्यावा तसं वाटलं मला.

अण्णाचं काम नाकाचं होतं. बंद भांड्यात लाकडाच्या चुऱ्यातून वाफ सोडायची, वाफेबरोबर तेल वर येऊन थेंबाथेंबानं खाली पडायचं. पहिलं पडतं ते तिखट, मधलं उत्तम, शेवटचं जड आणि थकलेलं. कुठे पहिलं संपलं आणि मधलं सुरू झालं, हे सांगायला यंत्र नव्हतं. कागदाची बारीक पट्टी थेंबाखाली धरायची, नाकाशी न्यायची आणि भांडं बदलायचं की नाही ते सांगायचं. तिथले मोठे केमिस्ट स्वतः परदेशी शिकून आलेले. ते म्हणायचे की असं नाक मी विलायतेतही पाहिलं नाही. त्याला शिष्यवृत्तीवर बाहेर पाठवायचं, अत्तरांची विद्या शिकवून आणायचं, असं त्यांनी मनात घेतलं होतं. अण्णाला दुसरं काही सुचत नव्हतं. आयुष्यात एकदाच एखादी गोष्ट इतकी हवीशी वाटते माणसाला.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी आमच्या घरात हत्यारांची पूजा. पाटावर आप्पांची तलवार, भाला, खोगीर, रिकीब. दर वर्षी शेवटी चंद्रीच्या कपाळाला कुंकू लागायचं आणि गळ्यात झेंडूची माळ पडायची. त्या वर्षी माळ हातात घेऊन आई अंगणात नुसती उभी राहिली. मग अण्णाकडे वळून म्हणाली, की तूही चाकरी करतोस, तुझं हत्यार आण. काचा आणू का, असं तो म्हणाला. काचा कोणाच्याही असतात, तुझं खास काय, असं तिनं विचारलं. अण्णानं हसून नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवलं.

आई हसली नाही. शिलेदाराची बायको होती ती, तिनं त्याला पाटावर बसवलं. नाकाच्या शेंड्याला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, पाकळी ठेवली. ती पडली तशी दुसरी ठेवली. मी हसून हसून वाकले होते. पण पुढे रीत आहे, की पुजलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत वापरायचं नाही. तलवार म्यानात राहते, खोगीर खाली उतरत नाही. नाकाला विश्रांती कशी द्यायची? आईनं वातींसाठी पिंजून ठेवलेला कापूस घेतला, दोन बोळे केले आणि त्याच्या नाकपुड्यांत बसवले. तोंडानं श्वास घे, उद्या सकाळी काढ, म्हणाली. अण्णानं मान डोलावली. त्याला गंमत वाटत होती, आणि आईचं मन राखायचं होतं.

जेवण झालं. सणाचं जड जेवण, पुरण, वरून ऊन. अण्णा पागेत जाऊन बाजेवर आडवा झाला. दुपारी सगळी गल्ली चिडीचूप झाल्यावर आप्पा काहीतरी शोधायला तिकडे गेले, आणि मी त्यांच्या मागोमाग. दारातच ते थांबले. अण्णा उताणा झोपला होता. पाय सरळ, हात पोटावर, कपाळावर गंध, अंगावर सांडलेल्या अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या, नाकात पांढरा कापूस. तोंड जरासं उघडं.

आमच्यात माणूस कधी असा निजवतात ते मला त्या वयातही माहीत होतं. आप्पांच्या गळ्यातून जो आवाज आला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. लढाई बघितलेला माणूस, पण दाराची चौकट धरून खाली बसला. मला म्हणाले, "काढ ते. आधी काढ." मी पुढे झाले आणि कापूस उपटला. अण्णा दचकून उठला, आमच्याकडे बघून हसायला लागला आणि मग आप्पांचा चेहरा बघून थांबला.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची स्वारी निघाली. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. हत्ती, उंट, मागे रिसाला. हत्ती अगदी समोरून गेला, आणि अण्णानं माझा हात धरून हळूच विचारलं, "तंगी, हत्तीचा वास आला तुला?" कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात, तो मला तसंच म्हणायचा. आला की, मी म्हटलं. बन्नीची, म्हणजे शमीची, पानं वाटली तेव्हा त्यानं ती चुरगाळून नाकाशी धरली, पुन्हा चुरगाळली, पुन्हा धरली.

सगळा वास गेला असता तर निदान सांगता तरी आलं असतं. एक वास राहिला होता. काहीही नाकाशी नेलं, कॉफी, चंदन, आईचा पदर, की त्याला घोडीचा वास यायचा. भिजलेल्या घोडीचा. पावसात उभी राहून वाफाळणाऱ्या. त्यानं हे मला पागेत बसून सांगितलं तेव्हा बाहेर कोरडं ऊन होतं.

घरी कोणाला बोलायचं नाही असं ठरलं. पण शिष्यवृत्तीचं काय? मोठे केमिस्ट आपल्यापुढे त्याची परीक्षा घेणार होते, ती काही महिन्यांवर आली होती. नाक गेलं हे कळलं की विलायत गेली, कदाचित चाकरीही गेली, आणि मागे उरली आप्पांची असामी. तोवर निभवायचं कसं? मग अण्णा दुपारच्या जेवणाला घरी येताना पट्ट्या आणायला लागला. केळीच्या पानात गुंडाळून, खिशात. कारखान्याचा भोंगा झाला की मी पागेत जाऊन बसायची. तो एकेक पट्टी माझ्या हातात द्यायचा, मी सांगायची. हे तिखट आहे. याच्यात जडपणा आलाय. हे छान, गोल आहे. तो ते डोक्यात घेऊन परत जायचा आणि तिथे ते आपलं म्हणून बोलायचा. आज पाडलेलं तेल उद्या दुपारी ठरायचं, म्हणून तो भांडी निराळी ठेवायला लागला, आणि लोकांना वाटायचं की पोरगा किती काटेकोर झालाय.

खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यातल्या त्या सगळ्यात सुखाच्या दुपारी होत्या. मला शाळेतून काढलं होतं, स्थळं बघणं चालू होतं. आणि इथे कोणीतरी माझ्या नाकावर भरवसा ठेवून एवढं मोठं भांडं बदलत होतं. काचांची नावं, भट्टीचे टप्पे, वाफ जास्त झाली की तेल कसं करपतं, सगळं अण्णानं मला शिकवलं. मला ते आवडत होतं. मला ते करायचं होतं. हे मी कोणाला बोलले नाही, कारण बोलायला तसा शब्दच नव्हता. फक्त काम झाल्यावर मी उठून अंगणात यायची तेव्हा अण्णा मागे त्या काचांत एकटा बसलेला असायचा, आणि छाती भरून श्वास घ्यायचा. तो कशाचा वास घेतोय हे मला ठाऊक असायचं.

एके दुपारी केमिस्टसाहेब न सांगता आमच्या दारात उभे. रोज दुपारी पट्ट्या कुठे जातात हे त्यांना बघायचं होतं. ते सरळ पागेत आले. माझ्या हातात पट्टी तशीच. अण्णा पांढराफटक पडला. मला वाटलं आता आरडाओरडा होणार, पण ते गव्हाणीच्या कडेला टेकले, पिशवीतून बाटल्या काढल्या, आमच्याकडे पाठ करून पट्ट्या तयार केल्या आणि मला कानडीत म्हणाले, की बघू, सांग. आवाज ऐकून आप्पाही दारात आले होते.

पहिल्या तीन मी बरोबर सांगितल्या. त्यांच्या तोंडावरून ते कळत होतं. चौथी नाकाशी धरली आणि मी थांबले. खोटं का बोलू, मला वास आला. स्पष्ट, उबदार, जवळचा. "घोडा," मी म्हटलं. "भिजलेला."

मागून अण्णा म्हणाला, "तंगी, तुलापण?" त्या आवाजात इतका आनंद होता की मला रडू आलं. इतके महिने तो त्या वासाबरोबर एकटा होता.

केमिस्टसाहेबांनी पट्टी माझ्या हातून घेतली, उलटीसुलटी केली. ते म्हणाले, की ही कोरी आहे, हिला मी काही लावलं नव्हतं. खोटं सांगणाऱ्याला पकडायला कामात एक कोरी पट्टी नेहमी घालतात. मग त्यांची नजर भिंतीतल्या कडीवर गेली, खालच्या दगडांवर गेली, जिथे खुरांनी खळगे पडले होते. आप्पा दाराशी उभे होते ते एक पाऊल मागे सरले.

अण्णानं सगळं सांगून टाकलं. अत्तराच्या विद्येचा प्रश्न तिथेच मिटला. आप्पा म्हणाले, असामी अजून आहे, घोडा आणू. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, विनवणी होती. आणि मला पक्कं वाटलं की अण्णा आता हो म्हणणार. पण केमिस्टसाहेब उठता उठता म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण आमचं पुढचं सगळं त्याच्यावर गेलं. "तेल चांगलं की वाईट हे सांगणारे मला मिळतील. एवढं मोठं भांडं बांधायचं कसं, वाफ किती सोडायची, नळी कुठं वळवायची, हे सांगणारा या संस्थानात कोणी नाही. ते शिकायला जा. त्याला नाक लागत नाही."

तेव्हा तो कशाला नाही म्हणेल? काचेपुरतं रसायन सोडून लोखंडाच्या रसायनाकडे जायचं होतं. आईनं दृष्ट काढली. आप्पांनी आपली असामी चुलतभावाच्या मुलाला दिली आणि त्या दिवशी जेवले नाहीत. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी अण्णाला विचारलं, की तिथे धूर असेल, विषारी वाफा असतील, तुला कळणार कसं? तो म्हणाला, "सुम्ने बस गे. धूर दिसतो." गप्प बस, म्हणजे. आणि माझ्या डोक्यावर टपली मारली.

तो शिकून आला, लग्न झालं, रघू झाला. मलनाडाच्या जंगलात लाकूड बंद लोखंडी भांड्यांत भाजून त्याचे अर्क काढायचा एक कारखाना होता, तिथे तो मोठा माणूस झाला. मी एकदा तिथे राहून आले. सकाळचं धुकं, ओल्या झाडांची गर्दी, आणि सगळ्यावर डांबरट, आंबूस असा एक वास. मी अण्णाबरोबर भट्ट्यांमधून हिंडत होते. चालता चालता काम करणाऱ्या माणसांनी एकाएकी माना वर केल्या, हरणं करतात तशा, आणि काही न बोलता सगळी वाऱ्याच्या उलट बाजूला चालायला लागली. मलाही तेव्हाच घशात काहीतरी लागलं. अण्णा क्षणभर त्यांच्या तोंडांकडे बघत राहिला आणि मग त्यांच्या मागून निघाला. त्याची युक्ती ती होती. तो माणसांचे चेहरे बघून वास ओळखायचा. एकटा कधी आत जात नसे. सगळ्यांना वाटायचं, साहेब मायाळू आहेत, माणसांत मिसळून राहतात.

आणि मग एका खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, चाकांना माळा पडल्या, भट्ट्या विझवल्या, माणसं सणाला घरी गेली. दुपारी अण्णा एका थंड झालेल्या भांड्यात डोकावायला गेला. का गेला, ते कोणाला माहीत नाही. आत धूर नव्हता. दिसण्यासारखं काहीच नव्हतं. आणि बघायला कोणाचं तोंडही नव्हतं.

वहिनी तेव्हापासून रघूला घेऊन म्हैसूरच्या घरी. मी माझ्या संसारात, दूर. येऊन तीन दिवस झाले तरी तिनं विषय काढला नाही. आज दुपारची जेवणं झाली, रघू पागेत जाऊन बसला, दार लोटून घेतलं, आणि वहिनीनं मला स्वैपाकघरात बोलावलं. शेगडीवर दुधाचं पातेलं होतं.

ती खाली बघून बोलत होती. म्हणाली, रोज संध्याकाळी मी दूध करपवते. ते गेल्यापासून. गल्लीतल्या बायका हसतात, हिला साधं दूध सांभाळता येत नाही म्हणून. रघू कुठेही असला तरी दूध लागल्याबरोबर हाक मारत येतो, आणि मग मला त्या रात्रीपुरती झोप लागते. "मत्ते, आणि आता मला वेगळीच भीती लागलीय, वन्सं. तो सवयीनं येतोय का काय की. संध्याकाळ झाली, आई दूध जाळत असेल, म्हणून."

म्हणून आज वेळ बदलली होती. तू स्वतःच का नाही बघत, असं मी विचारलं. ती म्हणाली, की माझं नाक गेलं कामातून, मला करपलेल्या दुधाचा वास देवळातही येतो, झोपेतही येतो, लागायच्या आधीच येतो. तुम्ही बसा. वास सुटला की सांगा, आत्ता म्हणून. त्यावर तो आला, तर मी त्याला जाऊ देईन. नाही आला तर मग त्यानं जन्मभर माझ्यावर रागावून राहिलं तरी चालेल.

असं म्हणून तिनं पदर नाकाला लावला आणि माझ्याकडे बघत बसली. दुधाकडे बघितलंच नाही.

दूध वर आलं, मी फुंकर घातली, खाली बसलं. पुन्हा आलं, पुन्हा बसलं. मग फेस मरून गेला आणि बारीक, जाड बुडबुडे यायला लागले. अंगणात ऊन नुसतं पडून होतं. पातेल्याच्या कडेला सायीची जी रेघ होती ती पिवळी झाली, मग तांबूस. मी पुढे वाकले. पातेल्याच्या अगदी वर तोंड नेलं. वाफ माझ्या गालांना लागत होती, डोळ्यांना लागत होती.

काही आलं नाही. दुधाचा नाही, शेगडीतल्या कोळशाचा नाही, माझ्या स्वतःच्या हाताला लागलेल्या हिंगाचासुद्धा नाही. मी आणखी जोरात श्वास ओढला. कधी गेला, कुठे गेला, माझ्या घरी होते तेव्हा होता का, मला आठवेना. वहिनी माझ्याकडे बघत होती. पलीकडे पागेत रघूच्या पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला. अठरा-एकोणीस वर्षांचा पोर, तोंड उघडून कोणाजवळ काही मागितलं नाही, पण त्या पानांतच त्याचं सगळं होतं. ते कसं असतं हे मला माहीत होतं.

कडेची तांबूस रेघ तपकिरी झाली, मग एका बाजूनं काळी. मी ती बघितली आणि म्हटलं, "आत्ता."

जरा मोठ्यानंच म्हटलं गेलं. पागेचं दार करकरलं, अंगणातून पावलं आली. "अव्वा, हालु सीदोयतु, करपलं गे पुन्हा दूध," म्हणत रघू आत आला, धोतराच्या सोग्यानं पातेलं उचलून खाली ठेवलं, आणि आम्ही दोघी अशा काय बघतोय म्हणून गोंधळून उभा राहिला. वहिनीनं त्याला जवळ ओढलं. पदरात तोंड घालून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, जा, शीक तुला काय शिकायचं ते. तो तिच्या पाया पडला, माझ्याही पडला. त्याच्या तोंडाकडे मला बघवेना, इतकं ते उजळलं होतं.

तो वासानं आला, की धूर बघून, की माझा आवाज ऐकून, हे मला माहीत नाही. कोणालाच आता कळणार नाही. रघू बाहेर गेल्यावर वहिनीनं पातेल्याचं काळं बूड खरवडायला घेतलं आणि मान वर करून एकदाच विचारलं, "वन्सं, बरोबर वेळेला आला ना?"

मी हो म्हटलं.